फुकट की विकत? घरच्या कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस

निवांत_कोपरा

घरात तीन मशीन आहेत. दोनांवर विंडोज ११, तिसरा जुना लॅपटॉप विंडोज १० वरच अडकलेला, कारण त्यात विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. तिन्हींवर विकतचा अँटीव्हायरस आहे, सगळं काही देणारा मोठा संच. त्याचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय आणि नूतनीकरणाचा आकडा पहिल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त दिसतोय.

पुन्हा पैसे भरावेत, एखादा फुकटचा टाकावा, की विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरवरच भागवावं? वापर म्हणजे बँकेचे व्यवहार, ईमेल, मुलांचे गेम. लॅपटॉपवर आईबाबा व्हिडिओ बघतात आणि बिलं भरतात. 'सगळे सारखेच' किंवा 'मी तर काहीच वापरत नाही' अशी उत्तरं कृपया नकोत. कारणं हवी आहेत.

बिटबहाद्दर

काखेत कळसा आणि गावाला वळसा. विंडोज ११ च्या दोन मशीनसाठी डिफेंडर पुरतो. पण 'पुरतो' म्हणजे जसा येतो तसा नाही, त्याची काही बटणं बंद असतात ती चालू करावी लागतात.

लोकांच्या डोक्यात अजून जुना डिफेंडर बसलाय. व्हिस्टामधला डिफेंडर फक्त स्पायवेअर पकडायचा. २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं उतरवून घ्यावं लागायचं. पूर्ण अँटीव्हायरस म्हणून डिफेंडर आला तो २०१२ च्या विंडोज ८ मध्ये, आणि त्याचं नाव खऱ्या अर्थाने सुधारलं ते विंडोज १० च्या काळात, क्लाउडची जोड मिळाल्यावर.

आता बटणं. विंडोज सिक्युरिटी उघडा.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज': रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारं) ही चारही चालू हवीत. क्लाउड बंद केलेला डिफेंडर म्हणजे चष्मा काढून ठेवलेला पहारेकरी. अनोळखी फाइल दिसली की तो ती काही सेकंद अडवून धरतो आणि सर्व्हरला विचारतो. ही वाट पाहण्याची मुदत मुळात १० सेकंद असते.

'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन': इथे नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा पर्याय आहे, त्यात 'ब्लॉक अ‍ॅप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स' अशा दोन खुणा आहेत. दोन्ही लावा. दुसरी फक्त एज ब्राउझरला लागू होते. घरच्या मशीनवर खऱ्या व्हायरसपेक्षा हा कचराच जास्त येतो: टूलबार, 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी फास्ट करा' छापाची भुतं.

'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' (रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मालवेअर) मधला कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस २०१७ पासून आहे आणि आपणहून चालू होत नाही. तो लावला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये लिहिता येत नाही.

सायंतारा

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोड, कारण तिथेच लोक वैतागून सगळं बंद करतात. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस लावल्यावर काही गेमचं सेव्हिंग होत नाही, जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर फाइल टाकू शकत नाही. आणि त्या प्रोग्रामकडून येणारा संदेश भलताच असतो, 'फाइल सापडली नाही' किंवा 'डिस्क भरली आहे'. खरं कारण 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये मिळतं. तिथून 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप' करून त्या एकाच प्रोग्रामला मोकळीक द्यायची.

दुसरं, हे कुलूप लिहिण्यावर आहे, वाचण्यावर नाही. फाइली कुलूपबंद करणाऱ्याला ते अडवतं. फाइली गुपचूप बाहेर पाठवणाऱ्याला नाही. आणि दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला की ही सोयच बंद पडते, कारण ती डिफेंडरच्या रिअल-टाइमवर उभी आहे.

कोरडा_पाषाण

धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादात डिफेंडरचा विजय घोषित. चला, घरी जायला मोकळे.

तिसरा_डोळा

थांबा, इतक्यात नका जाऊ. बिटबहाद्दर यांचा प्रतिसाद एकतर्फी आहे.

एक. डिफेंडरची ताकद इंटरनेटवर टिकून आहे. एव्ही-कंपॅरेटिव्हज ही ऑस्ट्रियातली संस्था मालवेअर चाचणीत ऑफलाइन आणि ऑनलाइन असे दोन वेगळे आकडे देते. ऑफलाइनच्या रकान्यात डिफेंडर चांगल्या विकतच्या इंजिनांच्या मागे दिसतो, ऑनलाइनमध्ये बराचसा भरून काढतो. ज्या मशीनला नेट नसताना लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, तिथे हा फरक खरा आहे.

दोन. स्मार्टस्क्रीन, म्हणजे धोक्याची पानं आणि फाइली हटकणारी विंडोजची सोय, पानाचा पत्ता तपासतो तो एजमध्ये. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरलात तर विंडोज फक्त उतरवलेली फाइल चालवताना हटकतो. विकतचे संच सगळ्या ब्राउझरांत बनावट पानं अडवतात.

तीन. बऱ्याच संचांत रॅन्समवेअर उलटवण्याची सोय असते: एखादी प्रक्रिया भराभर फाइली बदलायला लागली की मूळ फाइलींच्या प्रती बाजूला काढतात आणि नंतर परत ठेवतात. घरच्या डिफेंडरमध्ये तशी सोय नाही.

चार, आणि धागाकर्त्यासाठी हाच मोठा: विकतच्या संचात आईबाबांच्या लॅपटॉपची अवस्था दूर बसून एका पानावर दिसते. स्कॅन कधी झाला, काय अडवलं, लायसन्स कधीपर्यंत.

बिटबहाद्दर

@तिसरा_डोळा, एक आणि तीन मान्य. दोन अर्धं मान्य. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही गुगलच्या सेफ ब्राउझिंगची यादी वापरतात, त्यामुळे तिथे मैदान मोकळं नाही. क्रोममध्ये 'एनहान्स्ड प्रोटेक्शन' लावलं तर तपासणी आणखी कडक होते. त्याबदल्यात भेट दिलेल्या पानांची माहिती जास्त जाते, हे कळून लावा.

चौथ्याला प्रतिप्रश्न: ते पान उघडून बघणार कोण?

अर्धविराम

चाचण्यांचे आकडे वाचायची पद्धत सांगतो, कारण 'अमका ९९.८, तमका ९९.५, म्हणून अमका घ्या' हे वाक्य अशा चर्चांत हमखास येतं.

समजा चाचणीत ४०० नमुने आहेत. एक नमुना सुटला की ०.२५ टक्के गेले. म्हणजे ९९.५ आणि ९९.७५ मधला फरक एका नमुन्याचा. पुढच्या फेरीत तोच क्रम उलटतो. एका फेरीवर खरेदी करणं म्हणजे एक चेंडू बघून फलंदाज निवडणं.

एव्ही-टेस्ट ही जर्मनीतली संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. आता निम्म्याहून जास्त नावं १७.५ ते १८ मध्ये असतात, त्यामुळे एकूण गुण पाहण्यात अर्थ उरलेला नाही. दोनच गोष्टी बघा. चुकीचे इशारे किती: निर्दोष फाइली पकडणारा अँटीव्हायरस म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि त्याची सवय झाली की माणूस खऱ्या इशाऱ्यालाही 'अलाउ' म्हणतो. आणि दुसरी म्हणजे वेगाचा भाग, त्यातही फाइली कॉपी करणं आणि प्रोग्राम बसवणं हे दोन रकाने. जुन्या लॅपटॉपवर तेच जाणवतं.

मधुमालती

फुकटच्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये. प्रश्नात तीन पर्याय होते.

खटपट्या

बोलतो की.

फुकटचे दोन प्रकारचे असतात. एक, चोवीस तास पहारा देणारे: अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती, कॅस्परस्कीची फुकट आवृत्ती. दुसरे, बोलावलं तरच येणारे: मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती (सुरुवातीला काही दिवस सगळं चालू दाखवते, मग फक्त हाताने स्कॅन), ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर, मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर. हा शेवटचा उतरवल्यापासून १० दिवसांनी निरुपयोगी होतो, दर वेळी नवा घ्यायचा.

दुसऱ्या प्रकाराबद्दल काही तक्रार नाही. दुसरं मत म्हणून डिफेंडरसोबत खुशाल वापरा, ते त्याच्या पायात पाय घालत नाहीत.

पहिल्या प्रकारात आधी मालक बघा. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतलं. नॉर्टनवाल्यांनी २०२१ मध्ये अविरा घेतलं आणि २०२२ मध्ये अवास्टशी विलीनीकरण केलं. आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, आणि सीसीक्लीनरही. अवास्ट आणि एव्हीजी यांचं इंजिन तर एकच आहे. म्हणजे 'अवास्ट काढून एव्हीजी टाकलं' याचा अर्थ रंग बदलला.

आणि फुकट म्हणजे कसं? अवास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकायची. २०२० मध्ये ते बाहेर आलं, जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानेच शेत खाल्लं.

कोरडा_पाषाण

विकतचे तरी कुठे सोवळे? २०२१ मध्ये नॉर्टन ३६० मध्ये क्रिप्टो नाणी काढायची सोय आली होती. वीज तुमची, मशीन तुमचं, कंपनीचा वाटा १५ टक्के. आणि हे अँटीव्हायरसमध्ये!

सायंतारा

फुकटच्या पहारेकऱ्यांचा आणखी एक त्रास: 'स्कॅन पूर्ण, ० व्हायरस, १४ इतर समस्या!' त्या चौदा म्हणजे जंक फाइली, 'तुमचा आयपी पत्ता उघडा आहे', आणि दोन जुने ड्रायव्हर. बटण दाबलं की पैसे मागतो. माहीतगार माणूस हसून सोडून देतो. आईबाबांच्या लॅपटॉपवर मात्र हे नको, कारण त्यांना असल्या इशाऱ्यांवर क्लिक करायचीच सवय लागते, आणि खोटा इशारा हुबेहूब तसाच दिसतो.

मधुमालती

त्यावरूनच: ब्राउझरच्या कोपऱ्यात 'तुमचा अँटीव्हायरस संपला, ताबडतोब नूतनीकरण करा' असं सरकत येतं, तेही ज्या कंपनीचा अँटीव्हायरस मशीनवर कधी नव्हताच तिच्या नावाने. स्कॅन केला तर काही सापडत नाही. हे काय असतं?

खटपट्या

तो व्हायरस नसतो, म्हणूनच सापडत नाही. कुठल्या तरी पानाने 'मी रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' म्हटलेलं असतं, आणि ते दाबल्याने त्या पानाला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळालेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. 'अलाउड' यादीतले अनोळखी पत्ते काढून टाका. आणि तिथेच वर 'साइट्सना विचारू देऊ नका' हा पर्याय कायमचा निवडा. एक मिनिटाचं काम, पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही संचापेक्षा आईबाबांना जास्त उपयोगी.

तिसरा_डोळा

खटपट्या, हे सोन्यासारखं सांगितलंत. पण लक्षात घ्या, ही सगळी बटणं जो दाबू शकतो त्याला विकतचा संच लागतच नाही. ज्याला दाबता येत नाहीत त्याच्यासाठीच तो आहे. पैसे इंजिनाचे नाहीत, फोन उचलणाऱ्या माणसाचे आहेत.

बिटबहाद्दर

तोच तर मुद्दा आहे. मग विकत घेताना तेवढंच बघा. व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, फाइल श्रेडर, 'पीसी ट्यून-अप', मुलांवर नजर: घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. यातलं प्रत्येक चांगलं हवं असेल तर वेगळं मिळतं. ट्यून-अप तर नकोच, रजिस्ट्री साफ केल्याने विंडोज ११ वेगवान होत नाही. बिघडू मात्र शकतं.

चौकट_राजा

मॅकला लागतो का?

अर्धविराम

मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर मुळातच असतात. धाग्याचा विषय विंडोज आहे, पण सवय तीच: गेटकीपरने अडवलेलं अ‍ॅप 'राइट क्लिक करून उघडा' किंवा 'टर्मिनलमध्ये हे पेस्ट करा' असं कोणी सांगितलं की पान बंद करा.

रात्रपाळी

आता खऱ्या धोक्याकडे येऊ या का? फुकट-विकतच्या वादात सगळे फाइल तपासण्याबद्दल बोलताहेत. सध्या घरच्या वापरकर्त्याचं सर्वांत जास्त नुकसान करतात ते माहितीचोर, इन्फोस्टीलर. मशीन हळू होत नाही, पडदा काळा होत नाही, काही दिसतच नाही. काही मिनिटांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा) उचलतात आणि निघून जातात. कुकी चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण तुमचं आधीच झालेलं लॉगिनच त्याच्या हातात असतं.

येतात दोन वाटांनी.

पहिली जुनीच: फोडलेले गेम, गेमचे चीट, अ‍ॅक्टिव्हेटर. झिपला पासवर्ड असतो आणि सोबत सूचना, 'आधी अँटीव्हायरस बंद करा, चुकीचा इशारा देतो'. पासवर्ड असतो तो स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून. आणि अँटीव्हायरस तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केल्यावर तो फुकटचा होता की विकतचा याने काय फरक पडतो? मुलांचे गेम आहेत म्हणालात, म्हणून ठासून सांगतोय.

दुसरी वाट २०२४ पासून बोकाळली. पान म्हणतं, माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने क्लिपबोर्डवर आधीच आज्ञा टाकून ठेवलेली असते. म्हणजे पॉवरशेल, विंडोजला आज्ञा देण्याचं साधन, तुम्हीच चालवता. फाइल ब्राउझरने उतरवलेलीच नसते, त्यामुळे 'इंटरनेटवरून आली' अशी खूण तिच्यावर बसत नाही, आणि ती खूण नाही तर स्मार्टस्क्रीन विचारतच नाही. उरतो अ‍ॅमसी, म्हणजे स्क्रिप्ट चालण्याआधी अँटीव्हायरसला दाखवणारा विंडोजचा दरवाजा. तो डिफेंडरलाही उघडा आहे आणि इतरांनाही. कधी पकडतात, कधी नाही.

सायंतारा

आणि असं झालंच तर क्रम चुकवू नका. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे चोराला नवी किल्ली देणं. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा मशीनवरून आधी ईमेल खातं: 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट', मग पासवर्ड, मग रिकव्हरी नंबर आणि फॉरवर्डिंगचे नियम तपासा. चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतात. नंतर बँक, नंतर बाकीचं. मशीन नेटपासून तोडायचं आणि विंडोज नव्याने बसवायचं. 'स्कॅन केला, साफ आहे' यावर इथे विसंबू नये, काम करून स्वतःला पुसून टाकणारे असतात.

चौकट_राजा

म्हणजे संच घेतला आणि त्यातला व्हीपीएन लावला तर यापासून वाचतो ना?

रात्रपाळी

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. व्हीपीएन वाटेतला प्रवास झाकतो. चोर घरात बसलाय.

खटपट्या

रच्याकने, डिफेंडर वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा 'एक्सक्लूजन्स' ची यादी उघडून बघावी. मालवेअरला एकदा अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की तो पहिलं काम हे करतो: स्वतःचा फोल्डर, कधी कधी सगळी सी ड्राइव्ह, 'तपासू नका' यादीत टाकतो. टॅम्पर प्रोटेक्शन घरच्या मशीनवर ही यादी राखत नाही. गेमसाठी अख्खा डाउनलोड्स फोल्डर त्या यादीत घालणारे महाभागही असतात.

याच कारणाने रोजच्या वापराचं खातं स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं. मुलांचं आणि आईबाबांचं तर नक्कीच. हे फुकट आहे आणि कुठल्याही चाचणीच्या रकान्यात नसतं.

निवांत_कोपरा

सगळ्यांचे आभार, वाचतोय. दोन प्रश्न राहिले. विंडोज १० च्या लॅपटॉपचं काय? आणि आत्ताचा संच काढायचाच झाला तर नीट कसा काढायचा? आणि तोवर नवा वर टाकून ठेवला तर चालेल का, म्हणजे मध्ये खंड पडायला नको?

बिटबहाद्दर

शेवटच्याचं आधी: नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. प्रत्येक पहारेकरी फाइल उघडण्याच्या वाटेवर आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतो. दोघे असले की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा तपासतो. नशीब चांगलं तर मशीन फक्त रांगतं, नाहीतर निळा पडदा. खंड पडत नाही, संच निघाला की डिफेंडर आपणहून उभा राहतो.

विंडोज १० चं: मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते. ती 'विंडोज अपडेट' च्या पानावरूनच होते, त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे मालवेअर ओळखण्याच्या खुणा, मात्र विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. इथे फसगत होते. व्याख्या येतात म्हणून मशीन सुरक्षित आहे असं नाही. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवा: भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, हल्ला १२ मे २०१७ ला झाला. पॅच न लावलेल्या मशीनवर तो कोणी काही न दाबता पसरला. विंडोजला पॅच नसेल तर महागडा अँटीव्हायरस म्हणजे मोडक्या दाराला भारी कुलूप.

तिसरा_डोळा

यावर पूर्ण सहमत, विकतच्या बाजूने भांडत असूनही. त्या लॅपटॉपवर फक्त व्हिडिओ आणि बिलं असतील तर एखादं हलकं लिनक्स घालायचा विचार करा. ते नको असेल तर वाढीव अपडेट संपेपर्यंत वापरा आणि बिलं भरणं फोनवर न्या.

खटपट्या

काढण्याची रीत, क्रमाने. घाईत पहिलं पाऊल गाळलं की रडायची वेळ येते.

१. संचातला पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर आधी सगळं एक्सपोर्ट करा. ती सीएसव्ही फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं. नव्या जागी इम्पोर्ट झालं की शिफ्ट आणि डिलीटने पुसा. संचाच्या 'तिजोरी'त कुलूपबंद फाइली असतील तर त्या बाहेर काढा, प्रोग्राम गेल्यावर उघडणार नाहीत. त्यांच्या क्लाउडवर बॅकअप असेल तर तोही उतरवून घ्या.

२. कंपनीच्या संकेतस्थळावर खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. मशीनवरून प्रोग्राम काढल्याने ते बंद होत नाही.

३. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अनइन्स्टॉल. मध्ये तीनदा 'नक्की ना?' विचारेल, दोनदा सवलत देईल.

४. मशीन रीस्टार्ट करा. बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे: फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमध्ये कर्नल झोपवून ठेवला जातो आणि जुने ड्रायव्हर तसेच जागे होतात.

५. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडा. अँटीव्हायरसखाली फक्त डिफेंडर हवा. फायरवॉलखालीही बघा, लोक ते विसरतात.

६. 'प्रोटेक्शन अपडेट्स', मग एक फुल स्कॅन. रात्री लावा.

७. ब्राउझरमधली संचाची एक्स्टेंशन हाताने काढा. नेट चालेनासं झालं तर संचाचा व्हीपीएन किंवा फायरवॉलचा अवशेष असतो. 'नेटवर्क रीसेट' ने सुटतं, वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागतो.

अर्धविराम

खटपट्या यांच्या यादीला शेपूट. संच एचटीटीपीएस (ब्राउझरची कुलूपबंद वाहतूक) उघडून तपासत असेल तर त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे विंडोज ज्यावर विश्वास ठेवतो तो दाखला, विंडोजमध्ये टाकलेलं असतं. काढताना ते बहुतेक वेळा जातं. राहिलं तर सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये 'ट्रस्टेड रूट' च्या यादीत कंपनीच्या नावाने सापडेल. संच असताना फायरफॉक्समध्ये सगळीकडे सर्टिफिकेटच्या चुका येत असतील तर तेही याच तपासणीमुळे.

आणि डिफेंडर जागा आहे का ते बघायला आयकारची चाचणी फाइल वापरा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, सगळे अँटीव्हायरस ती ओळखतात. ती डाउनलोड करू नका, तसं केलं तर ब्राउझरच अडवेल आणि परीक्षा ब्राउझरची होईल. नोटपॅडमध्ये ओळ चिकटवून सेव्ह करा. काही क्षणांत फाइल गायब व्हायला हवी.

मधुमालती

डिफेंडर जुन्या मशीनवर फुल स्कॅनला फार जड जातो असं ऐकलंय. 'अँटीमालवेअर सर्व्हिस' टास्क मॅनेजरमध्ये वर चढून बसतो.

बिटबहाद्दर

फिरती हार्ड डिस्क असेल तर दोष सीपीयूचा नसतो, डिस्कचा असतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना १०० टक्के आहे का बघा. तसं असेल तर एसएसडी बसवणं हाच इलाज. सीपीयूच असेल तर पॉवरशेलमधून ठरलेल्या स्कॅनची मर्यादा खाली आणता येते, मुळात ती ५० टक्के असते. पण ती सरासरी आहे, लगाम नव्हे, आणि रिअल-टाइम पहाऱ्याला लागू होत नाही.

कोरडा_पाषाण

अजून कोणी बॅकअप हा शब्द उच्चारलेला नाही. बैल गेला अन् झोपा केला व्हायच्या आत सांगतो: बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. सतत लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला आणखी एक ड्राइव्ह दिसते.

निवांत_कोपरा

ठरलं. दोन्ही विंडोज ११ वर डिफेंडर, सगळी बटणं लावून, मुलांची खाती स्टँडर्ड. महिन्यातून एकदा दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स. लॅपटॉपला वाढीव अपडेटची नोंदणी आणि नोटिफिकेशन्स बंद. विकतचं नूतनीकरण नाही. तिसरा_डोळा यांचं फोन उचलणाऱ्या माणसाचं म्हणणं पटलं, पण इथे तो माणूस मीच आहे.

लॅपटॉपवरून संच काढला, रीस्टार्टही केलं. 'मॅनेज प्रोव्हायडर्स' मध्ये जुनं नाव अजून दिसतंय आणि डिफेंडर बंदच आहे.

खटपट्या

अवशेष राहिला. त्या कंपनीचं स्वतंत्र रिमूव्हल टूल असतं, ते फक्त तिच्याच संकेतस्थळावरून घ्या, शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवरून नको. सेफ मोडमध्ये चालवा. सेफ मोडला जाण्याआधी खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना बघा, तिथे पिन चालेलच असं नाही. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी कीही हाताशी ठेवा.

मग साध्या मोडमध्ये अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफ-एल-टी-एम-सी (fltmc, सलग) ही आज्ञा द्या. फिल्टर ड्रायव्हरची यादी येईल. 'अल्टिट्यूड' च्या रकान्यात ३२०००० ते ३२९९९८ मधला आकडा म्हणजे अँटीव्हायरस. त्या पट्ट्यात ३२८०१० हा डिफेंडरचा. दुसरा कुठला दिसला तर नाव इथे टाका.

निवांत_कोपरा

एकच दिसतोय, ३२८०१०.